खोक्यावर छापलेलं वय

७ ऑक्टोबर

बाबा,

‘तीर्थरूप’ लिहिणार होते, पण हात पुढे सरकेना. तेव्हा नुसतंच बाबा.

हे पत्र समेटाचं नाही, हे आधीच सांगते. नाहीतर चष्मा शोधता शोधताच तुम्ही आईला म्हणाल, “बघ, आली वठणीवर.” फोन करता आला असता. पण फोनवर मी ओरडणार आणि तुम्ही म्हणणार, “लेखी दे.” जन्मभर औषध निरीक्षक म्हणून नोकरी केलीत, तोंडी गोष्टीला तुमच्या घरात किंमतच नाही. घ्या, लेखी देते.

दोन आठवड्यांपूर्वी भिंगरीचा दम्याचा पफ आणायला रुग्णालयात गेले होते. औषधाच्या खिडकीवर नवा कागद डकवलेला. ज्या औषधाच्या खोक्यावर मुलाचं वय बसत नाही, ते औषध पुढील आदेश येईपर्यंत मुलांना मिळणार नाही. खिडकीतल्या माणसाने पफचं खोकं माझ्यासमोर धरलं आणि ‘बारा वर्षांखालील मुलांसाठी नाही’ या ओळीवर बोट ठेवलं.

“मुलगी केवढी?”

“चार वर्षांची.”

“मग मोठी झाली की या.”

तो चेष्टा करत नव्हता, तेच वाईट. मी हटले नाही म्हणून त्यालाच कणव आली असावी. वाकून हळूच म्हणाला, “कुणीतरी वर तक्रार केलीय हो. कुणी रिटायर्ड माणूस आहे म्हणे. उद्योग नसेल दुसरा.” तो बिनउद्योगी माणूस माझा बाप आहे, हे सांगायची सोय नव्हती. मी पिशवी उचलली आणि निघाले.

उन्हाळ्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूने तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत. कारखान्यात शाळांच्या गणवेशाचं काम अंगावर आलं होतं. मी कापड बेतायला सकाळी जायची ती दिवेलागणीला परत. भिंगरीचे बाबा नेहमीसारखे जहाजावर. म्हणून पोरीला तुमच्याकडे सोडलं. पफ सकाळ-संध्याकाळ, नळकांड्याला मास्क लावून. आणि गोळी जेवणानंतर. तुम्ही म्हणालात, “मला शिकवतेस? हयात गेली औषधांत.” मी निश्चिंत मनाने गेले. आणि तुम्ही खोकी वाचलीत. दोन्हीवर तिचं वय बसेना, म्हणून दोन्ही औषधं कपाटात गेली. रोज फोनवर मला मात्र “मजेत आहे.”

मी धावत रुग्णालयात पोचले तेव्हा पोरीच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता आणि श्वासागणिक बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसला होतात, हातात खोकं. मला बघून पहिलं वाक्य काय बोललात? “यावर स्पष्ट लिहिलंय.” त्यानंतर मी जे बोलले ते सगळ्या मजल्याने ऐकलं. त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या तक्रारीवर पुढच्या महिन्यात चौकशी समिती बसते आहे. ही औषधं लिहून देणाऱ्या डॉक्टर मॅडमना मुलं तपासायला बंदी होऊ शकते, असं बोललं जातंय. पफऐवजी भिंगरीला एक सिरप दिलंय. त्या बाटलीवर तिचं वय अगदी ठसठशीत छापलंय. ते घेतलं की तिचे हात थरथरतात, रंगाचा खडू धरवत नाही, आणि छातीला कान लावला तर आतली धडधड ऐकून मलाच घाम फुटतो. खोक्यावरचं वय बरोबर आहे, बाबा, पोरगी बरोबर नाही.

आमच्या कारखान्यात मी रोज ‘वय ४’ अशी पट्टी लावलेले सदरे बेतते. त्यात चार वर्षांचं प्रत्येक मूल बसतं असं वाटतं का तुम्हाला? पट्टी अंदाजाची असते. मूल समोर उभं करूनच माप घ्यावं लागतं.

तक्रार मागे घ्या. एक ओळ पुरे. थंडी तोंडावर आलीय.

बाकी भिंगरी बरी आहे. खाते, खेळते, दुपारी शांत झोपते.

कागदोपत्री का होईना,
तुमची मुलगी


१८ ऑक्टोबर

बाबा,

उत्तर मिळालं. चार मुद्दे, प्रत्येकाला आकडा, आणि तळाशी ‘प्रत माहितीसाठी : सौ.’ घरात माणसं दोन, त्यातल्या एकीला प्रत! आईने ती डब्याखाली घातली असेल.

मुद्दा एक : “कपड्याचं उदाहरण गैरलागू. कपडा घट्ट झाला तर मूल रडतं. औषध जास्त झालं तर रडायलाही उरत नाही.”

कबूल. इथे तुम्ही जिंकलात.

मुद्दा दोन : “तक्रार मागे घेणार नाही.” हे अपेक्षितच होतं. पालथ्या घड्यावर पाणी ओतायची मला लहानपणापासून सवय आहे.

मुद्दा तीन वाचून मात्र बसले. “तक्रार पफविरुद्ध नाही, गोळीविरुद्ध आहे. तू वाचलीस का?” नव्हती वाचली. तुम्ही काही केलंत म्हणजे ते सगळ्याच्या विरुद्ध असणार, हे मी धरून चालले होते. सोबत पाठवलेली तक्रार कारखान्यातच वाचली, तोंडात टाचण्या तशाच धरून. तुमची ती सरकारी भाषा, ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’. आणि मध्येच हे : “मुलगी दुपारी झोपेतून किंचाळत उठली. मला ओळखेना. भिंतीकडे बोट करून ‘त्याला जायला सांगा’ म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशीही तसंच. आजीच्या हाताला कडकडून चावली. ही मुलगी अशी नाही.”

ही मुलगी अशी नाही. तुम्ही आयुष्यात कुठल्या कागदावर असं वाक्य लिहिलं असेल, बाबा? मी टाचण्या काढून ठेवल्या आणि तोंड धुवायला गेले.

आता माझं ऐका. ती किंचाळायची हे मला माहीत होतं. गोळी सुरू झाल्यानंतरच ते सुरू झालं, पण मी दोन्हीची सांगड घातली नाही. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, वडील लांब असले की मुलं अशी करतात. शेजारीण म्हणाली, टीव्ही बंद करा. प्रत्येकाकडे एक कारण तयार होतं आणि मला ती सगळी पटत होती. रुग्णालयातून आल्यावर परत सुरू केलेली गोळी खिडकीवर तो कागद लागल्यापासून पुन्हा बंद झाली. आता दुपारी झोपेतून उठते आणि खायला मागते. मागच्या पत्रात ‘शांत झोपते’ लिहिलं ते खरंच होतं. का आणि कधीपासून, ते खुशाल गाळलं. तुमच्या बाजूचा पुरावा माझ्या हाताने तुम्हाला कशाला देऊ, असं वाटलं. राग माणसाला हलकट करतो.

पण म्हणून तुम्ही सुटलात असं नाही. गोळी थांबवलीत, ठीक केलंत. पफ का थांबवलात? तुम्हीच लिहिलंय : “कशाने होतंय कळेना, वय दोन्हींवर बसत नव्हतं, म्हणून दोन्ही.” सुक्याबरोबर ओलंही जाळलंत. आणि आता रुग्णालयाने तेच केलंय, तुमच्या घरात एका पोरीला जे झालं ते तिथे सगळ्या मुलांना.

आणि मला रोज ‘मजेत आहे’ का सांगत होतात? हा प्रश्न मी मे महिन्यात मजला दणाणून विचारला होता. तुमच्या पत्रात ‘मुद्दा चार’ असं लिहिलंय आणि पुढे कोरं. अख्ख्या नोकरीत तुम्ही रकाना कोरा सोडला नसेल.

तुमची मुलगी


२६ ऑक्टोबर

बाबा,

डॉक्टर मॅडमना भेटून आले. तुमची तक्रार पर्समध्ये होती आणि डोकं तापलेलं होतं.

बाई तरुण आहेत, बसक्या आवाजाच्या. बोलताना समोरच्या मुलाचा सुटलेला बूट बांधत होत्या. मी सरळ विचारलं, “गोळीने मुलं अशी घाबरतात, चावतात, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं की बहुतेक आया घाबरून सगळंच बंद करतात. गोळी बंद, पफही बंद. मग तीच मुलं माझ्याकडे निळी होऊन येतात.” बूट बांधून झाला, तशा सरळ उभ्या राहिल्या. “तुम्ही बंद केलं नसतंत, हे मला कसं कळणार होतं?”

“विचारून बघायचं होतं.”

त्यांनी मुलाला त्याच्या आईकडे पाठवलं. मग म्हणाल्या, “चुकलं माझं. सांगायला हवं होतं.” बाबा, डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. राग कुठे ठेवावा ते कळेना.

मग मी तुमचा प्रश्न विचारला. खोक्यावर नाही, तर देताच कशाला? त्या म्हणाल्या, औषधाची चाचणी झाली मोठ्यांवर, म्हणून खोक्यावर वय मोठ्यांचं. लहान मुलांवर चाचणी करणं अवघड, खर्चिक, आणि आईबापही मूल द्यायला तयार नसतात. “तुम्ही दिली असतीत भिंगरीला?” मी नाही म्हणाले. झटकन म्हणाले. “मग आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, ‘बारा वर्षांखालील मुलांसाठी नाही’ याचा अर्थ दर वेळी ‘घातक आहे’ असा होत नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच, की त्या वयाचं कुणी तपासून पाहिलेलं नाही. मग डॉक्टर एकमेकांच्या अनुभवावर चालतात, मात्रा वजनाप्रमाणे उतरवतात आणि डोळ्यांत तेल घालून बघत बसतात. पफच्या बाबतीत तो अनुभव भरपूर आहे. गोळीचाही आहे, पण तिची ही दुसरी बाजू आहे, आणि तीच माझ्यापासून झाकली गेली.

तुम्ही ‘नाही’ वाचलंत आणि ‘बंदी’ समजलात. मी डॉक्टरचा शब्द ऐकला आणि पुढे काही विचारलंच नाही. दोघांनी मिळून पोरीला आगीतून फुफाट्यात नेलं.

त्यांनी मला आतल्या खोलीच्या काचेतून तान्ही मुलं दाखवली. मुठीएवढी छाती, नाकात नळी. त्यांच्या निम्म्याहून अधिक औषधांच्या खोक्यांवर एवढ्या लहान मुलाचं वय छापलेलंच नसतं. एक आई दुपटी पिशवीत कोंबत होती. तिच्या बाळाचं औषध इथे थांबलं म्हणून त्याला दुसऱ्या गावच्या मोठ्या रुग्णालयात हलवत होते. रुग्णालयवाले घाबरलेत. दुधाने तोंड पोळलं, आता ताक फुंकून पितायत. पण ते बाळ तेवढं फुंकेपर्यंत थांबणार आहे का?

निघताना त्या म्हणाल्या, “समितीला गोळीपेक्षा मोठा आरोप वाटतोय तो मुलगी दाखल झाल्याचा. माझ्या औषधांमुळे तिला तो झटका आला, असं त्यांनी धरलंय.”

घरी येऊन तुमची तक्रार परत उघडली. “सदर औषधे सुरू असताना मुलीला वरीलप्रमाणे त्रास झाला. त्यानंतर तिला श्वास घेता न आल्याने दाखल करावं लागलं.” दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी. त्यांच्या मधलं वाक्य कुठे आहे, बाबा? ‘मध्यंतरी पफ मी बंद केला होता’ हे?

मी पहिल्या पत्रात जे केलं तेच तुम्ही केलंत, फक्त तुमच्या कागदाने एका बाईची नोकरी जाणार आहे आणि शेकडो मुलांची औषधं अडली आहेत.

आता नीट वाचा. तक्रार मागे घ्या म्हणाले होते, ते विसरा. घेऊ नका. गोळीचं जे लिहिलंत ते तसंच राहू द्या, ते कुणीतरी बोलायलाच हवं होतं आणि माझ्याऐवजी तुम्ही बोललात. पण तक्रार पुरी करा. मधलं वाक्य घाला. तुम्हाला ते जड जाईल हे मला कळतं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या खोक्यांवरच्या चुका काढल्या, त्याने समितीसमोर उभं राहून म्हणायचं की माझ्यामुळे नात गुदमरली. सोपं नाही. पण भिंगरीचा श्वास त्या वाक्यात अडकलाय.

तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन. तुम्ही समोर बसलेले असताना बोलेन.

तुमची मुलगी


५ नोव्हेंबर

बाबा,

उत्तर नाही. बरं.

काल पोरीला पुन्हा धाप लागली. सिरपचा काही उपयोग होईना. तिला उचलून रुग्णालयात नेलं. डॉक्टर मॅडमनी आदेश बाजूला सारून तिला तोच पफ दिला आणि कागदावर स्वतःची सही ठोकली. परिचारिका म्हणाली, “मॅडम, समिती तोंडावर आहे.” त्या म्हणाल्या, “ही पोरगीही समोरच आहे.” थोड्या वेळाने भिंगरीने डोळे उघडले आणि बाहुलीला पण द्या म्हणाली.

आई फोनवर सांगत होती की तुम्ही जुना कोट काढून घासताय. विचारलं, कशासाठी, तर तुम्ही खोलीत आलात वाटतं, कारण आई मोठ्याने “राँग नंबर” म्हणाली. तिला सांगा, राँग नंबरवाल्याशी कुणी एवढा वेळ बोलत नाही.

मी जाणार आहे. तुम्ही काय करणार ते तुम्ही ठरवा.


१३ नोव्हेंबर

बाबा,

काल तुम्ही समितीकडे तोंड करून उभे होतात आणि मी मागच्या रांगेत. तेव्हा जे तुम्हाला दिसलं नाही तेवढंच लिहिते.

अध्यक्षांनी विचारलं, “तक्रार मागे घेताय का?” तुम्ही म्हणालात, “नाही. दुरुस्ती आहे.” तेव्हा डॉक्टर मॅडमनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना वाटलं, आता आणखी काहीतरी जोडणार.

मग तुम्ही बोललात. “पफ मी बंद केला. कुणाला विचारलं नाही, मुलीच्या आईलाही सांगितलं नाही. त्यामुळे मुलगी दाखल झाली. तो दोष डॉक्टरांच्या नावावर आहे, तो माझ्या नावावर घ्या.” दारात औषधाच्या खिडकीतला माणूस उभा होता, त्याने डोक्यावरून हात फिरवला.

अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही स्वतः निरीक्षक होतात. मग असं कसं झालं?”

“खोक्यावर ‘नाही’ लिहिलं होतं,” तुम्ही म्हणालात. “मला तेवढंच वाचायची सवय.” आणि पुढे म्हणालात, “मुलीला दम लागायला लागला तेव्हा कळलं होतं. पण सांगायची लाज वाटली. लेकीला फोनवर खोटं बोललो.”

मुद्दा चार. लेखी नाही, तोंडी दिलात, भर समितीत. मला तुमचा राग आला होता, अजूनही आहे, पण त्या क्षणी मला तुमचा अभिमान वाटला. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

गोळीवरही तुम्ही तसूभर हटला नाहीत, हे बरं केलंत. मॅडमना त्याबद्दल लेखी समज मिळाली आणि त्यांनी ती मुकाट्याने घेतली. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच म्हणाले की औषध बंद करू नका, पण ते देताना आईबापाला समोर बसवून साध्या शब्दांत सांगा : हे खोक्यावर नाही, तरी का देतोय, काय माहीत आहे, काय माहीत नाही, काय दिसलं तर लगेच फोन करायचा. घाबरलो तर घाबरू द्या. ते त्यांनी नियमात घेतलं आणि खिडकीवरचा कागद आज निघाला. तिथल्या माणसाने पफ काढून देताना हळूच विचारलं, “ते तुमचे वडील होते?” हो म्हटलं. या वेळी सोय होती.

बाहेरच्या दालनात आपण समोरासमोर आलो तेव्हा मला वाटलं तुम्ही काही मोठं बोलाल. तुम्ही विचारलंत, “ते नळकांडं धुतात कसं?” मी म्हटलं, साबणाच्या पाण्यात बुडवायचं, आणि पुसायचं नाही, तसंच वाळू द्यायचं. “पुसायचं नाही,” तुम्ही मान डोलावलीत आणि गेलात.

तर आता बाकीचंही सांगते. मास्क नाकातोंडावर घट्ट बसला पाहिजे. ती मान फिरवते, तेव्हा रागवायचं नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, ते हिच्या बाबतीत खोटं आहे. आधी बाहुलीला द्यायचं, मग तिला, आणि झालं की चूळ भरायला लावायची. झोपेत दचकली, चिडली, काहीही निराळं वाटलं तर मला लगेच फोन करायचा, बरं वाटलं तरी करायचा. ‘मजेत आहे’ एवढ्यावर भागणार नाही. काय खाल्लं, कशी झोपली, कितीदा खोकली, सगळं बोलायचं. तुम्हाला बोलायची सवय नाही. लागेल.

कारखान्यात थंडीच्या कपड्यांची घाई सुरू झाली आहे. पाळणाघर मिळत होतं, मी नाही म्हणून सांगितलं. शनिवारी भिंगरीला घेऊन येते.

राग अजून गेलेला नाही. घालवायच्या खटपटीलाही लागू नका, तो त्याच्या वेळेने जाईल. येताना बरोबर असेलच. मग पोरीला तुमच्याकडे ठेवीन आणि राग माझा मी परत घेऊन जाईन.

तुमची मुलगी